कोरातला जायचंय: गाडीशिवाय, आई-बाबांसह आणि शाकाहार सांभाळून

प्रश्न असा आहे: बँकॉक-पट्टायाची ठरावीक सहल नको, थायलंडमधलं एखादं साधं, पर्यटकांनी न गजबजलेलं शहर दोन-तीन दिवस पाहायचं आहे. सोबत सत्तरीच्या जवळ आलेले आई-बाबा आहेत, आईंना मांस-मासे चालत नाहीत, आणि स्वतः गाडी चालवायची तयारी नाही. कुठे जावं आणि कसं?

माझं उत्तर कोरात. कागदोपत्री नाव नखोन रात्चसीमा, पण बोलताना सगळे कोरातच म्हणतात. बँकॉकच्या ईशान्येला साधारण २६० किलोमीटर, इसान म्हणजे ईशान्य थायलंडच्या प्रदेशाचं प्रवेशद्वार. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. कोरात शहर स्वतः काही फार 'बघण्यासारखं' नाही. तिथे राहायचं ते ६० किलोमीटरवरच्या फिमाईच्या देवळासाठी आणि संध्याकाळी सामान्य थाई माणसांत मिसळून जेवण्यासाठी. हे मान्य असेल तर दोन रात्री पुरतात, तीन झाल्या तर उत्तम. बँकॉकहून सकाळी निघून रात्री परत, असा बेत मात्र करू नका. आठ-नऊ तास प्रवासात जातील आणि देवळात पोचाल ते ऐन दुपारच्या उन्हात.

वार बघून तिकीट काढा. थायलंडमधली राष्ट्रीय संग्रहालयं बहुधा सोमवार-मंगळवार बंद असतात, आणि फिमाईचं संग्रहालय चुकवण्यासारखं नाही. शुक्रवारी दुपारनंतर बँकॉकहून ईशान्येकडे आणि रविवारी दुपारनंतर उलट दिशेला रस्ते भरलेले असतात. म्हणून मंगळवारी जाऊन शुक्रवारी सकाळी परतणं सर्वात सोयीचं. ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. मार्च-एप्रिलमध्ये पारा ३८-४० अंशांवर जातो आणि शेतातलं पाचट जाळल्याचा धूर हवेत असतो. आई-बाबांपैकी कोणाला दम्याचा त्रास असेल तर ते महिने टाळाच. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो. त्या आठवड्यात अख्खं बँकॉक इसानातल्या आपापल्या गावी जातं, आणि बस-रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली असतात. पाऊस मेपासून ऑक्टोबरपर्यंत. त्यातला सप्टेंबर-ऑक्टोबर हा पुराचा काळ.

कागदपत्रं. भारतीय पर्यटकांसाठी १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची व्हिसामाफी लागू झाली, पण हे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. तिकीट काढण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, प्रत्येक माणसासाठी वेगळं भरायचं. ते फुकट आहे. शोधल्यावर वर येणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असतं. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि थोडे रोख पैसे हाताशी ठेवा. सगळ्यांना विचारतात असं नाही, पण विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. घरात कोणी ई-सिगारेट ओढत असेल तर ती घरीच राहू द्या. थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि विमानतळावरही अडवतात.

पैशांचा अंदाज: एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. परदेशी कार्डावर थाई एटीएम दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापतं, त्यामुळे हजार-हजार काढू नका, एकदम काढा. यंत्र 'तुमच्या चलनात रक्कम आकारू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणा. नाहीतर तीन-चार टक्के आणखी जातात. बँकॉकमधल्या मनी चेंजरकडे डॉलर बदलले तर दर चांगला मिळतो. कोरातमध्ये मॉल आणि हॉटेलात कार्ड चालतं, बाजारात लोक क्यूआर कोड वापरतात, पण तो त्यांच्या बँकेचा. आपल्याला रोखच लागेल, आणि तीही सुट्टी. सोंगथेऊवाल्याला (प्रवासी पिकअपच्या चालकाला) हजाराची नोट देऊ नका.

आता कोरातला पोचायचं कसं. विमानाचा विचार सोडा. शहरापासून दूर एक विमानतळ आहे, पण तिथली नियमित उड्डाणं कधी टिकली नाहीत. उरतात बस आणि रेल्वे.

मुंबईहून रात्री निघणारी विमानं बँकॉकला पहाटे-सकाळी उतरतात (तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे). अनेक जण त्या दिवशी बँकॉकला आराम करतात. माझ्या मते तेव्हाच थेट कोरातला निघावं. बँकॉकच्या हॉटेलात खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही आणि सकाळ लॉबीत बसून जाते. त्याच वेळात बसच्या मागे झुकणाऱ्या सीटवर झोप होते आणि दोनच्या सुमारास कोरातच्या खोलीत पोचता येतं. बँकॉक परतीच्या वाटेवर बघा.

बस मोचित दोन या स्थानकातून सुटते, थाईत 'मो चित सोंग'. इथे नवखे हमखास चुकतात. मोचित नावाचं स्कायट्रेनचं स्टेशन वेगळं आहे आणि बसस्थानक तिथून सामान घेऊन चालत जाण्याजोगं नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मोचित' म्हणू नका, 'बस टर्मिनल' असं स्पष्ट सांगा. सुवर्णभूमी विमानतळावरून तिघा-चौघांना टॅक्सीच बरी. मीटरवर ३००-४०० बाट, वर विमानतळाचे ५० आणि टोल वेगळा. टॅक्सीची चिठ्ठी देणारं यंत्र विमानतळाच्या खालच्या मजल्यावर असतं. ती चिठ्ठी जपून ठेवा, तिच्यावर गाडीचा क्रमांक असतो. कोरातच्या बस दिवसभर थोड्या थोड्या वेळाने असतात, एरवी आरक्षण लागत नाही. भाडं साधारण २०० ते २५० बाट, वेळ साडेतीन ते चार तास. वातानुकूलित बस म्हणजे चांगलीच गार असते, आईंची शाल वरच्या बॅगेत ठेवा.

रेल्वे हळू आहे, चार ते सहा तास घेते, पण वृद्धांना एक सोय आहे: उठून फिरता येतं आणि शौचालय जवळ असतं. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवत या नव्या टर्मिनलवरून सुटतात. ते बांग सू इथे आहे आणि भुयारी मेट्रो थेट तिथे पोचते. दोन अडचणी लक्षात ठेवा. पहिली: ईशान्येकडे जाणारी प्रत्येक गाडी कोरातमार्गे जात नाही. नोंग खाईच्या बहुतेक गाड्या केंग खोईपासून वेगळ्या फाट्याने बुआ याईकडे जातात आणि कोरात लागतच नाही. तुम्हाला उबोन रात्चथानी, सुरिन किंवा कोरातची गाडी हवी. दुसरी: कोरातमध्ये दोन स्टेशनं आहेत. आधी नखोन रात्चसीमा, मग लगेच थानोन चिरा जंक्शन. जुन्या शहराच्या खंदकाजवळ राहणार असाल तर चिरा जवळ पडतं. तिकिटावर नाव नखोन रात्चसीमा असं पूर्ण असेल. नखोन सी थम्मारात हे दक्षिणेतलं वेगळं शहर आहे, आणि घाईत एकाऐवजी दुसऱ्याचं तिकीट निघू शकतं. तिकिटावरचं वर्ष पाहून गोंधळू नका: थाई सन आपल्या इसवी सनात ५४३ मिळवून येतो, म्हणजे २०२६ तिथे २५६९.

डॉन मुआंग विमानतळावर उतरलात तर काम आणखी सोपं. विमानतळासमोरच रेल्वे स्टेशन आहे, ईशान्येच्या गाड्या तिथे थांबतात. बांग सूपर्यंत मागे जाण्याची गरज नाही.

कोरातमध्ये बस बहुधा बोखोसो दोन या स्थानकात उतरवते. ते मित्राफाप महामार्गालगत, जुन्या शहराच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर आहे. बोखोसो एक हे जुनं, गावातलं स्थानक. फिमाईची बस दोन नंबरवरून सुटते, एवढं ध्यानात राहिलं तरी पुरे.

राहायला दोन भाग आहेत. एक म्हणजे खंदकाच्या आतलं जुनं शहर, चुम्फोन दरवाज्याच्या आसपास. दुसरा म्हणजे मित्राफाप रस्त्यावरच्या टर्मिनल २१ आणि द मॉल या मोठ्या मॉलांचा परिसर. आई-बाबा सोबत असतील तर मी जुनं शहर निवडेन. संध्याकाळी पायी फिरता येतं, देऊळ, बाजार, चौक सगळं जवळ. मॉलजवळ खोल्या नव्या आणि मोठ्या असतात, पण रस्ता आठ पदरी आणि ओलांडायला पूल चढावा लागतो. स्वच्छ, लिफ्टवालं हॉटेल ८०० ते १५०० बाटमध्ये मिळतं. बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते मुद्दाम विचारा. जुन्या इमारतींत ती गृहीत धरू नका. हॉटेलचं थाई लिपीतलं नाव आणि पत्ता मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रोमन अक्षरांत कोरातच्या नावांची इतकी रूपं आहेत की टॅक्सीवाल्याला ती वाचून काही कळत नाही.

शहरात फिरण्यासाठी सोंगथेऊ असतात, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेल्या पिकअप. रंग आणि क्रमांकांनी मार्ग ठरतात, भाडं दहा-पंधरा बाट, उतरायचं तिथे घंटीचं बटण दाबायचं आणि पैसे पुढे जाऊन चालकाला द्यायचे. मात्र चढायची पायरी उंच आहे आणि छत बुटकं. गुडघ्यांची तक्रार असेल तर हा हट्ट सोडा. ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सीची दोन्ही ॲप चालतात, शहरातल्या शहरात ६० ते १०० बाट पडतात. बँकॉकमध्येच ॲप उतरवून, थाई सिम घालून एकदा वापरून बघा. सिमसाठी पासपोर्ट लागतो.

आता फिमाई. यासाठी अख्खा दिवस ठेवा.

बोखोसो दोनवरून फिमाईची बस सकाळपासून दर अर्ध्या-पाऊण तासाला असते. ५०-६० बाट, सव्वा ते दीड तास. आठच्या आतली पकडा. ही बस मित्राफाप रस्त्याने जाऊन तलात खे फाट्यावर उजवीकडे वळते. खोन केनकडे जाणाऱ्या मोठ्या बसमध्ये कोणी 'फिमाई, फिमाई' म्हणत बसवलं तर बसू नका. ती तुम्हाला फाट्यावर सोडेल आणि पुढचे दहा-बारा किलोमीटर उन्हात वाहन शोधावं लागेल. कंडक्टरला 'प्रासात हिन' म्हणजे दगडी देऊळ असं सांगितलं की तो देवळाजवळ उतरवतो. परतीची बस त्याच गावातून. संध्याकाळी पाचच्या आत निघालेलं चांगलं.

फिमाई हे अकराव्या-बाराव्या शतकातलं ख्मेर देऊळ, म्हणजे कंबोडियातल्या अंगकोरच्या जुन्या साम्राज्याचं. अंगकोर वाटच्या थोडं आधीचं. एका दाराच्या चौकटीवरच्या लेखात शके १०३०, म्हणजे इसवी सन ११०८ चा उल्लेख आहे. शक संवत आपल्याला ओळखीचा असल्याने हे वर्ष वाचताना गाईडची गरज पडत नाही. गावाचं मूळ नाव विमाय. अंगकोरहून इथपर्यंत राजमार्ग होता आणि सातव्या जयवर्मन या ख्मेर राजाने त्यावर १७ धर्मशाळा बांधल्याची नोंद त्याच्या शिलालेखात आहे. बहुतेक ख्मेर देवळं पूर्वेकडे तोंड करून असतात, हे दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकलेलं, म्हणजे अंगकोरच्या दिशेने. म्हणून आत जाताना दक्षिणेच्या नागसेतूवरूनच जा. तिथून गोपुर, आतला कोट आणि मुख्य शिखर एका रेषेत येतात. पुढे गावातल्या रस्त्याने त्याच रेषेत मागे गेलं की जुन्या नगराचा दक्षिण दरवाजा, प्रातू चाय, उभा दिसतो.

मधलं शिखर पांढरट वालुकाश्माचं, सुमारे २८ मीटर उंच. त्याच्या पुढे दोन बुटकी शिखरं: एक लाल वालुकाश्माचं, दुसरं जांभ्या दगडाचं. हा जांभा म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांचा तोच दगड, त्यामुळे दुरूनही ओळखू येतो. १९६४ ते १९६९ या काळात थाई ललितकला विभागाने फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार फिलिप ग्रोस्लिए यांच्यासोबत देऊळ उतरवून, दगड लावून पुन्हा उभं केलं. काही ठिकाणी नवे, साधे दगड जुन्या कोरीव दगडांमध्ये बसवलेले दिसतील. ते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत.

मराठी घरातल्या माणसाला इथे सर्वांत जास्त काय भावेल, तर दारांवरच्या कोरीव पट्ट्या. बाहेरच्या बाजूला दक्षिणेच्या मंडपावर नाचणारा शिव आहे. पुढे राम-लक्ष्मण नागपाशात बांधलेले, वानर सेतू बांधताहेत, गोवर्धन उचललेला कृष्ण. देवळाला प्रदक्षिणा घालत एकेक शोधा, बाबा-आजोबा ज्या कथा सांगत आले त्याच इथे दगडात भेटतात. मग गर्भगृहाच्या आतल्या दारांकडे बघा: तिथे बुद्ध आणि महायान-वज्रयान पंथाच्या देवता. बाहेर रामायण आणि आत बुद्ध, कारण हे बौद्ध देऊळच आहे. ज्या राजवटीत ते बांधलं गेलं तिला दोन्हींत विरोध वाटत नव्हता. गर्भगृहात जमिनीकडेही बघा. एका कोपऱ्यात अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ आहे. आपल्याकडचं सोमसूत्र ज्यांना माहीत आहे त्यांना ती लगेच सापडते, इतर लोक तिच्यावर पाय ठेवून पुढे जातात.

आई-बाबांसाठी सूचना: आवार बहुतेक सपाट आहे, पण दारांचे दगडी उंबरे गुडघ्याएवढे उंच आणि गुळगुळीत. रबरी तळाची चप्पल हवी, काठी असेल तर आणा. सावली कमी, छत्री हवीच. दोन तास पुरतात. प्रवेशशुल्क परदेशी माणसाला थाई माणसापेक्षा जास्त असतं आणि मधून मधून वाढतं. माणशी दोनशे बाट वेगळे काढून ठेवा.

ऊन चढलं की संग्रहालयात जा. ते देवळाच्या उत्तरेला, चालत दहा मिनिटांवर, आणि आत गारवा आहे. देवळातल्या मूळ कोरीव पट्ट्या इथे डोळ्यांच्या पातळीवर बघायला मिळतात. देवळात मान दुखेपर्यंत वर बघून जे दिसलं नाही ते इथे दिसतं. सातव्या जयवर्मनाची मानली जाणारी बैठी मूर्तीही इथेच आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी देऊळ, मग संग्रहालय. उलट केलं तर अर्धी सकाळ गारव्यात जाते आणि देऊळ भर दुपारी वाट्याला येतं.

गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर साय न्गाम नावाचा वड आहे, पाण्याकाठी पसरलेला, शेकडो पारंब्यांचा. आपल्याला वडाचं काय कौतुक, असं वाटेल, पण दुपारी बसायला याहून चांगली सावली फिमाईत नाही आणि शेजारी खायच्या टपऱ्या आहेत. तीनचाकी मिळते, जायचं-यायचं आणि थांबायचं भाडं आधी ठरवा.

चौघं असाल तर दिवसभरासाठी चालकासह गाडी घेण्याचा विचार करा. इंधन सोडून साधारण १८०० ते २५०० बाट. हॉटेल ठरवून देतं. मग वाटेत बान प्रासात इथले तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे उत्खनन-खड्डे आणि शहराजवळचं प्रासात फनोम वान हे छोटं ख्मेर देऊळ परतताना पाहून होतं. त्याच गाडीत फनोम रुंग हे दुसरं ख्मेर देऊळही उरकू, असा मोह आवरा. ते बुरिराम प्रांतात, कोरातहून शंभर किलोमीटरपेक्षा दूर, टेकडीवर आणि बऱ्याच पायऱ्यांचं आहे. त्याला वेगळा दिवस लागतो. तसंच खाओ याई अभयारण्याचा काही भाग कोरातच्याच प्रांतात आहे म्हणून ते कोरात शहरातून करू नका. त्याचं गाव पाक चोंग हे बँकॉककडच्या वाटेवर ८० किलोमीटर अलीकडे आहे. जायचंच तर येता-जाता तिथे उतरून एक रात्र काढा. अभयारण्याच्या आत सार्वजनिक वाहन नाही आणि परदेशी प्रौढांना ४०० बाट प्रवेश आहे. पाक चोंगला जुलै ते सप्टेंबरात गेलात तर रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग दिसतील. तिथलं सीताफळ थायलंडभर नावाजलेलं आहे.

शहरासाठी अर्धा दिवस पुरे. चुम्फोन दरवाज्यासमोर थाओ सुरनारीचा पुतळा आहे, १९३४ चा. लोक तिला 'या मो' म्हणजे मो आजी म्हणतात. १८२६ मध्ये व्हिएंतियानच्या राजाच्या सैन्याने शहर घेऊन लोकांना कैद करून नेलं, तेव्हा या स्त्रीच्या पुढाकाराने कैद्यांनी वाटेत उठाव केला, अशी कथा. इतिहासकार तपशिलांवर वाद घालतात, कोरातकर घालत नाहीत. नवस फेडायला लोक तिथे फ्लेंग कोरात ही जोड्यांनी म्हणायची सवाल-जवाबाची गाणी गायला गायक लावतात. संध्याकाळी सहानंतर जा, ऊन उतरलेलं असतं आणि गाणं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. दरवाज्याखालून एकदा गेलं की माणूस कोरातला परत येतो, दोनदा गेलं तर नोकरीला येतो, तीनदा गेलं तर इथलीच सोयरीक जमते, असं म्हणतात. लग्नाचा मुलगा बरोबर असेल तर मोजून जाऊ द्या. पुतळ्यासमोर फोटो काढताना पोझचा चावटपणा नको, ही लोकांची देवता आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला चौकात, स्टेशनात राष्ट्रगीत वाजतं. सगळे जागीच थांबतात, आपणही थांबायचं. राजघराण्याबद्दल थट्टेतही बोलू नका, कायदा कडक आहे.

सकाळी वेळ असेल तर दान क्वियेन हे कुंभारांचं गाव, दक्षिणेला पंधरा किलोमीटर, चोक चायच्या रस्त्यावर. मून नदीच्या मातीत लोह जास्त, त्यामुळे भाजल्यावर भांड्यांना काळपट तांबूस रंग येतो, वर चकाकीचा लेप लावत नाहीत. छोट्या वस्तू घ्या. मोठं भांडं विमानात फुटतं आणि वजनही खातं. परतताना खंदकाच्या ईशान्येला वात साला लोई हे बौद्ध देऊळ: सभागृह जहाजाच्या आकाराचं आणि त्यावर दान क्वियेनच्या फरशा.

आता आईंच्या जेवणाचं. अडचण मांसाची नाही, माशाच्या पाण्याची आहे. थाई स्वयंपाकात मीठ म्हणून नाम प्ला, म्हणजे हेच माशाचं पाणी पडतं, आणि इसानात त्यावर प्ला रा म्हणजे आंबवलेल्या माशाचा रस. 'मांस नको' म्हटलं तर स्वयंपाकी प्रामाणिकपणे मांस काढून, माशाचं पाणी घालून देतो. फसवणूक म्हणून नाही, त्याला ते मांसात धरायचं असतं हेच ठाऊक नसतं. 'मांगसविरत' (शाकाहारी) या शब्दानेही भागत नाही, त्यात अंडं आणि कधी कधी नाम प्लाही येतं. तुमचा शब्द आहे 'जे'. 'किन जे' म्हटलं की मांस, मासे, अंडं, दूध सगळं बाद, आणि कांदा-लसूणही बाद. चातुर्मास पाळणाऱ्यांची तर सोयच झाली. जे दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरं असतात. ती अक्षरं इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. तेच चिन्ह सेव्हन-इलेव्हनमधल्या पाकिटांवर शोधायचं. जे दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी दोन-तीनला पातेली रिकामी होतात, तेव्हा आईंचं मुख्य जेवण दुपारीच होऊ द्या. वाटीएवढ्या भाज्या भातावर, ४०-६० बाट. नकाशावर शोधताना 'जे' हा शब्द थाई लिपीत टाका, इंग्रजीत शोधून अर्धी दुकानं दिसतच नाहीत.

रात्रीच्या बाजारात जे मिळेलच असं नाही. तिथे कढईवाल्याकडे समोर उभं राहून फात फाक रुआम (मिसळ भाज्या) किंवा फात फाक बुंग सांगा. फाक बुंग म्हणजे आपली नाळीची भाजी. ऑर्डर देतानाच 'माय साय नाम प्ला, माय साय नाममन हॉय' म्हणा: माशाचं पाणी नको, कालवांचा सॉस नको, सोयासॉस चालेल. कढई तीच असते, ते चालणार नसेल तर जे दुकानाबाहेर जाऊ नका. सूपवाल्या शेवया टाळा, रस हाडांचा असतो, त्यातून मांसाचे तुकडे वेचून काही साधत नाही. सोमताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर सांगायची तर 'जे' म्हणूनच. नुसतं 'प्ला रा नको' म्हटलं तरी सुकट आणि नाम प्ला राहतात. निर्धास्त खाण्यासारखं: चिकट भात, भाजलेली केळी आणि रताळी, बांबूच्या नळीतला नारळाचा गोड भात, हंगामात आंबा-भात.

एक सापळा खास कोरातचा. बेकरीतल्या बनांवर तपकिरी, सुतरफेणीसारखा मऊ भुसा लावलेला असतो. गोड वाटतो, पण तो मू योंग, म्हणजे डुकराच्या मांसाचा कीस. कोरातची प्रसिद्ध भेटवस्तूही हीच, आणि तिच्या शेजारी कुनचियांग सॉसेज. घरी न्यायला त्याऐवजी मी कोरात म्हणजे वाळवलेल्या तांदळाच्या शेवयांचं पाकीट घ्या, पण आत मसाल्याची पुडी असेल तर ती शाकाहारी नसते असं धरा. इथली फात मी ही त्याच शेवयांची परतलेली डिश. बाबा खात असतील तर त्यांच्यासाठी पहिल्याच संध्याकाळी मागवा, तिखट कमी असं सांगून.

हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते. झटपट पोहे-उपम्याची चार पाकिटं सामानात असली की आईंच्या रात्रीच्या जेवणाची काळजी मिटते.

औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५. शेवटच्या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं, म्हणून तोच आई-बाबांच्या फोनमध्ये पहिला घाला. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, हातात वस्तू द्यायची नाही.

परतताना विमान रात्रीचं असेल तर कोरातहून सकाळी नऊपर्यंत निघा. कागदावर चार तासांचं अंतर असलं तरी साराबुरीपासून पुढे वाहतूक तुंबते. रेल्वेने जात असाल तर त्याच दिवशीच्या विमानाशी जोडू नका, गाड्या तास-दीड तास उशिरा येणं नेहमीचं. डॉन मुआंगवरून उडणार असाल तर बऱ्याच बस रंगसितला थांबतात. तिथे उतरून टॅक्सी केली की मोचितपर्यंत जाऊन मागे यावं लागत नाही. चढतानाच चालकाला रंगसित सांगा आणि सामान दाराजवळच्या बाजूला ठेवायला लावा.